फोन मोजेल, ठरवेल ग्रामसभा

(वनहक्क दाव्यांच्या मोजणी पथकांच्या शिबिरात, संघटनेचं तांत्रिक काम बघणाऱ्या कार्यकर्त्याने केलेलं भाषण. शिबिराला येऊ न शकलेल्या गावांनी मागितलं म्हणून लिहून काढून छापत आहोत. पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)

जोहार! जिंदाबाद!

वनहक्क समित्यांचे सभासद, पथकातल्या पोरी आणि पोरं, आणि काठी टेकत इथवर चढून आलेले आमचे बाबा आणि आज्या, सगळ्यांना जोहार.

मला मोबाइलच्या ॲपवर बोलायला सांगितलंय. कोणतं बटण कुठे दाबायचं ते उद्या सकाळी शेतात जाऊन शिकू. ते असं बसून शिकता येत नाही. आज त्याच्या आधीची गोष्ट बोलायची आहे. आपली चार पथकं चार डोंगरांवर मोजणी करणार. वर नेटवर्क नाही. मग चार फोनमधलं काम एकत्र कसं यायचं? आणि एकत्र आल्यावर दोन फोन एकाच बांधाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले, तर खरं कोणतं हे कोण ठरवणार?

हा दुसरा प्रश्न मशीनचा वाटतो, पण तो जमिनीचा प्रश्न आहे. म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी तो खोलीत बसून एकट्याने सोडवायचा नाही. तुम्ही त्यावर बोलायचं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ मध्ये आले, २०१२ मध्ये सुधारले. कलम ६ सांगतं की कोणाचा हक्क किती, हे ठरवायची सुरुवात ग्रामसभा करेल. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा, आणि जेवढी जमीन प्रत्यक्ष कसतो तेवढी, जास्तीत जास्त चार हेक्टर, मागायची. जंगलाचा सामूहिक हक्क वेगळा, त्याला ही चार हेक्टरची मर्यादा नाही.

२०१९ चा फेब्रुवारी महिना आठवा. १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून काढण्याबद्दल आदेश दिला. २८ तारखेला त्याच न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस देशभरातल्या लाखो घरांनी कसे काढले ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा सगळीकडून एकच गोष्ट पुढे आली. दावा का नामंजूर झाला ते कळवलं नव्हतं, पुरावा नीट बघितला नव्हता, म्हणणं ऐकलं नव्हतं. ज्या दाव्याला नकाशा आहे, शेजाऱ्यांच्या सह्या आहेत, वडीलधाऱ्याचा जबाब आहे, ग्रामसभेचा ठराव आहे, तो दावा एका ओळीत फेटाळणं जड जातं. म्हणून मोजणी.

आता मोजणीत थोडी चूक झाली तर काय होतं, ते बघा. समजा, शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद असं शेत आहे. एक हेक्टर, म्हणजे १०० आर. चारही बाजूंनी फोनने पाच-पाच मीटर आतली रेघ दाखवली, तर शेत ९० गुणिले ९० झालं. म्हणजे ८१ आर. १९ आर जमीन गेली, आणि कोणी चोरलीही नाही. झाडाखाली उभं राहून घाईने कोपरा नोंदवला तर पाच मीटरचा फरक सहज पडतो. म्हणून कोपऱ्यावर थांबायचं, फोन आकाशाला मोकळा धरायचा, आकडा स्थिर होऊ द्यायचा, मगच नोंद करायची. आणि ॲपने प्रत्येक बिंदूबरोबर, किती मीटरचा फरक असू शकतो, हेही लिहून ठेवायचं. हा आकडा झाकून ठेवणारं ॲप आपल्याला नको.

नेटवर्क नाही, तरी जागा कळते

मघाशी एका ताईंनी विचारलं, टॉवर नाही तर फोनला जागा कशी कळते? चांगला प्रश्न आहे. जागा टॉवरवरून नाही, उपग्रहावरून कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सतत सांगत असतात की मी अमुक, माझ्याकडे आत्ता इतके वाजले. फोन फक्त ऐकतो. चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठे उभे आहोत याचा हिशेब तो स्वतः करतो. त्याला रिचार्ज लागत नाही.

पण एक अडचण आहे. आपण कोणत्या वाटेने फिरतोय ही माहितीसुद्धा उपग्रहच पाठवतो, आणि ती फार संथ येते, सेकंदाला फक्त ५० बिट. नेटवर्क असलं की फोन हीच माहिती इंटरनेटवरून पटकन घेतो. वर डोंगरात ती वाट नाही. म्हणून सकाळी पहिल्यांदा फोन उघडला की काही वेळ त्याला जागा सापडत नाही. पोरं म्हणतात, फोन बिघडला. बिघडलेला नसतो. उघड्यावर ठेवा, बाजूला बसून भाकर खा, तोवर त्याला उपग्रह सापडतात.

म्हणजे जागा मोजायला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागतं ते फोनने फोनशी बोलायला. आपलं खरं काम तिथे आहे.

शहरातलं ॲप इथे का चालत नाही

शहरात बनलेलं बहुतेक ॲप असं असतं की सगळी माहिती दूर कुठेतरी कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर. तुमच्या हातातला फोन ही नुसती खिडकी. खिडकीतून बघायचं आणि खिडकीतून चिठ्ठी आत टाकायची. नेटवर्क गेलं की खिडकी बंद. गोल चक्र फिरत राहतं आणि अर्धा तास चालून घेतलेले बिंदू गेले की राहिले, हे कोणी सांगत नाही.

यावर उपाय शोधणारे लोक जगात बरेच आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ च्या सुमारास ओडीके नावाचं काम सुरू झालं. फुकट आणि खुलं. फॉर्म फोनमध्येच भरायचा, फोनमध्येच राहू द्यायचा, नेटवर्कमध्ये आलं की पाठवायचा. जगभर आरोग्याच्या आणि शेतीच्या पाहण्यांसाठी ते वापरतात. चांगलं आहे. पण त्याची मूळ घडण एका दिशेची. फॉर्म गावातून वर जातो. वरच्या पाड्याच्या पथकाने काय मोजलं, हे खालच्या पाड्याच्या पथकाला थेट एकमेकांकडून कळावं, यासाठी ती घडण नव्हती. सर्वेक्षण करणाऱ्याला ते पुरतं. आपण सर्वेक्षण करत नाही, आपण आपल्या हद्दी एकमेकांना विचारून ठरवतोय.

म्हणून आपल्याला वेगळ्या घडणीचं पाहिजे. त्याचे पाच नियम मी मांडतो. पटले नाहीत तर इथेच बोला.

पहिला नियम: प्रत्येक फोनमध्ये सगळं

पथकातला प्रत्येक फोन स्वतःपुरता पूर्ण असला पाहिजे. नकाशा आधीच त्यात भरलेला. फॉर्म त्यात. आतापर्यंत सगळ्या पथकांनी केलेलं, आपल्यापर्यंत पोचलेलं काम त्यात. बिंदू नोंदवला की त्याच क्षणी तो फोनच्या आत लिहिला गेला पाहिजे, शेवटी पाठवा हे बटण दाबेपर्यंत वाट बघायची नाही. बॅटरी मध्येच बसली तरी शेवटचा बिंदू जागेवर सापडला पाहिजे.

ही काही नवलाची कल्पना नाही. जगभरचे संगणकाचे कारागीर एकमेकांचं लिखाण जोडायला गिट नावाचं साधन वापरतात. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते बनवलं. त्यात मुख्य प्रत अशी कुठे असावीच लागत नाही. प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो. एकाचा संगणक जळाला तरी काम जळत नाही.

आपलंही तसंच. एक फोन नदीत पडला, एक चोरीला गेला, एक कोणी काढून घेतला, तरी गावाची मोजणी इतर फोनमध्ये शिल्लक राहते.

दुसरा नियम: खोडायचं नाही, खाली लिहायचं

तलाठ्याची फेरफार वही तुम्ही बघितली आहे. जमीन बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर गेली, तर जुनी नोंद रबराने पुसत नाहीत. नवा फेरफार नंबर पडतो, कोणत्या तारखेला, कशावरून, ते लिहितात. जुनं वाचता येतं, नवंही वाचता येतं. त्या वहीबद्दल आपल्या तक्रारी आहेत, पण तिची पद्धत शहाणी आहे.

आपल्या ॲपमध्ये प्रत्येक नोंद अशीच. कोपरा चुकला, पुन्हा मोजला, तर ती नवी नोंद. जुनी खाली राहते. कोणी मोजलं, कोणत्या फोनवर, बरोबर कोण उभं होतं, सगळं तिच्यासोबत.

रद्द करायचं तेव्हाही तसंच. समजा एका फोनवरून एक नोंद पुसूनच टाकली. दुसऱ्या फोनमध्ये ती आहेच. दोन फोन भेटले की पुसलेली नोंद परत येणार, कारण पहिल्या फोनला वाटणार की ही माझ्याकडे नव्हती, नवी दिसते. म्हणून रद्द करणं हीसुद्धा नोंद असते. अमुक नोंद रद्द, कारण हे, करणारा हा. मग ती बातमीही बाकीच्या फोनपर्यंत पोचते.

तिसरा नियम: नंबर एकमेकांवर पडू नयेत

चार पथकांनी चार फोनवर दावा क्रमांक एक, दोन, तीन असं लिहायला सुरुवात केली तर संध्याकाळी चार वेगवेगळे क्रमांक एक तयार. म्हणून प्रत्येक फोनला नाव द्यायचं. आपण झाडांची नावं देऊ. हा साग फोन, हा महू फोन, हा तेंदू फोन. साग फोनची नोंद सात म्हणजे साग-७. महू-७ वेगळी. आतमध्ये मशीन आणखी एक लांबलचक आकडा जोडतं, तो तुम्हाला बघायची गरज नाही. पण साग-७ हे नाव कागदावरही लिहायचं, म्हणजे कागद आणि फोन एकमेकांना ओळखतील.

चौथा नियम: माणसं भेटतात तिथे फोन भेटतील

आपल्याकडे बातमी कशी पोचते? मोलगीच्या, धडगावच्या बाजारात. आमचूर घेऊन कोणी येतं, मीठ-तेल घेऊन कोणी जातं, आणि त्यांच्याबरोबर बातमी जाते. कोणाच्या घरी मयत झाली, कुठल्या गावात गार्डने काय केलं, सभा कधी आहे. वरच्या पाड्याचा माणूस नदीपलीकडच्या माणसाला कधी भेटत नसेल, पण बातमी त्याच्यापर्यंत जाते, कारण मधला कोणीतरी दोघांना भेटतो. आठवडे बाजार हे आपलं नेटवर्क आहे, आणि ते मोबाइलच्या आधीचं आहे.

ॲपही असंच वागलं पाहिजे. दोन फोन जवळ आणायचे, एकाने हॉटस्पॉट लावायचा. त्याला इंटरनेट लागत नाही, दोन फोनमधलीच ती वाट आहे. मग फोन एकमेकांना विचारतात. साग म्हणतो, माझ्या स्वतःच्या ५२ नोंदी आहेत, तुझ्याकडे माझ्या किती? महू म्हणतो, ४५ पर्यंत आहेत. साग ४६ ते ५२ अशा सात नोंदी देतो. बस. सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. आणि महूकडे तेंदूच्या नोंदी असतील तर त्याही सागला मिळतात, जरी साग आणि तेंदू कधी भेटले नाहीत तरी. १९८७ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी लिहून दाखवलं की संगणकांच्या जाळ्यात माहिती अशीच, साथीच्या रोगासारखी, एकाकडून दुसऱ्याकडे पसरवता येते. आपल्याला ते बाजारामुळे माहीतच होतं.

दोन बारीक गोष्टी. एक, आधी अक्षरं जाऊ द्या, मग फोटो. काही बिंदूंची नोंद अगदी हलकी असते, एका फोटोचं ओझं तिच्या शेकडो पट. पाऊस येतोय, जीप सुटतेय, दोन मिनिटं आहेत, तर मोजणी गेली पाहिजे, फोटो पुढच्या बाजाराला. दोन, फोटो जाताना मध्येच तुटला तर पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू व्हावा, पहिल्यापासून नाही.

आणखी एक कसोटी. फोन कोणत्याही क्रमाने भेटले, एकच फोन दोनदा भेटला, तरी शेवटी सगळ्यांकडे सारखंच दिसलं पाहिजे. सभेची हजेरी घ्या. दोन दारांवर दोघे जण नावं लिहितात. नंतर दोन याद्या जोडल्या. कोणती यादी आधी घेतली याने फरक पडत नाही, आणि एकच बाई दोन्ही दारांनी आली तरी ती एकच माणूस. फक्त त्या नावाच्या दोन वेगळ्या बाया असतील तर ते कळायला खूण पाहिजे, म्हणून वरचा नावा-नंबराचा नियम. आणि हजेरी चुकून चालत नाही, कारण वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. अशा जोडण्याला संगणकवाले सीआरडीटी म्हणतात, २०११ मध्ये काही संशोधकांनी त्याची नीट मांडणी केली. नाव विसरा, हजेरी लक्षात ठेवा.

पाचवा नियम: तंटा मशीनने सोडवायचा नाही

आता मुख्य मुद्दा. हजेरी जोडणं सोपं, कारण नाव असतं किंवा नसतं. बांधाचं तसं नाही.

समजा वरच्या पाड्याचे आजोबा सागच्या पथकाला म्हणाले, आमची हद्द नाल्याच्या पलीकडच्या काठापर्यंत. खालच्या गावच्या आजी महूच्या पथकाला म्हणाल्या, आमची हद्द नाल्याच्या अलीकडच्या काठापासून. दोघांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बाजारात दोन फोन भेटले. आता?

बरीच ॲपं एक सोपी पळवाट घेतात. ज्याची नोंद उशिराची, ती खरी, आधीची गेली. बनवणाऱ्याला सोपं, वापरणाऱ्याला काही कळतही नाही. पण विचार करा. उशिरा मोजलं म्हणून हद्द बदलते का? आणि उशिराचं कोणतं हे तरी कशावरून? फोनच्या घड्याळावरून. आपले फोन दिवसेंदिवस नेटवर्कशिवाय असतात. बॅटरी पूर्ण बसल्यावर काही जुने फोन भलतीच तारीख दाखवतात. अशा घड्याळाच्या भरवशावर एका गावाची सीमा गायब होणार, आणि त्या गावाला कळणारही नाही. फॉरेस्टने खांब हलवला तर दिसतो तरी. हा खांब दिसत नाही.

म्हणून घड्याळ बघायचं नाही. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या संशोधकाने १९७८ मध्ये दाखवून दिलं की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटना लावायला घड्याळच पाहिजे असं नाही. कोणाला कोणाचं कळल्यावर त्याने लिहिलं, हे बघितलं तरी क्रम लागतो. आपल्या कामात त्याचा अर्थ साधा आहे. सागची नोंद बघून, आजोबांना विचारून, महूने नवी नोंद केली असेल, तर ती दुरुस्ती आहे. नवी वर दाखवा, जुनी खाली ठेवा. पण दोघांनी एकमेकांची नोंद न बघता लिहिलं असेल, तर तो मतभेद आहे. तिथे ॲपने दोन्ही रेघा दोन रंगांत दाखवायच्या, मधल्या पट्ट्यावर खूण करायची, आणि लिहायचं: बैठक बाकी.

मग काय करायचं हे ॲपला विचारायचं नाही, कायद्याने सांगितलंय. नियम १२ मध्ये लिहिलंय की दोन गावांच्या पारंपरिक हद्दीबद्दल दावे एकमेकांवर पडत असतील, किंवा एकच जंगल दोन ग्रामसभा वापरत असतील, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, कोण काय वापरतं ते बघायचं, आणि आपापल्या ग्रामसभेला लेखी कळवायचं. ग्रामसभांना जमलं नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे. म्हणजे आधी नाल्यावर बसा, बोला. कदाचित असं निघेल की पाणी दोघांचं, गवत वरच्यांचं, मासे खालच्यांचे. अशी वाटणी कोणत्याही रेघेत मावत नाही, पण दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मावते. ॲपमध्ये ती लिहायला जागा पाहिजे, नाहीतर बोलून नोंदवायला. आमच्या पावरी, भिलोरीत बोलू द्या, आवाज तसाच ठेवा.

निर्णय झाला की ठराव क्रमांक, तारीख आणि ठरावाच्या पानाचा फोटो, ही नवी नोंद. मग रेघ एक होते. एकट्या फोनवाल्याच्या हातात, हे पक्कं करा, असं बटण ॲपमध्ये नसावंच.

पोरांनो, हे खास तुमच्यासाठी. ज्याच्या हातात फोन तोच गावाचा कारभारी, असं आपोआप व्हायला लागतं. आजी बरोबर बोलतेय की नाही हे स्क्रीनवर तपासायला लागतो आपण. उलटं आहे. आजीने सांगितलेल्या जागेला फोनने फक्त आकडा दिला. वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा नियमांनीच धरलेला पुरावा आहे. आणि नियम १२-अ मध्ये स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाचे फोटो आणि इतर तंत्र हे बाकी पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. कोणी साहेब म्हणाला की उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा नाही, तर हा नियम वाचून दाखवा. पण मग आपणही आपल्या फोनला आजीच्या वर बसवायचं नाही.

सगळीकडे पोचलेलं परत बोलावता येत नाही

एक धोका सांगितला पाहिजे. प्रत्येक फोनमध्ये सगळं ठेवल्याने काम हरवत नाही, पण त्याच कारणाने गुपितही राहत नाही. एकदा नोंद दहा फोनमध्ये गेली की परत बोलावता येत नाही. म्हणून काय लिहायचं हे आधी ठरवा. आधार नंबर, बँकेचा नंबर ॲपमध्ये नको, त्याचं मोजणीत काम नाही. देवाची जागा, औषधी मुळ्या कुठे मिळतात त्या जागा, हे ग्रामसभेने ठरवल्याशिवाय नोंदवू नका. सामूहिक हक्काच्या दाव्यात देवाची जागा दाखवायची असेल तर दाखवा, पण सभेने हो म्हटल्यावर. फोनला कुलूप पाहिजे, आणि पथकात नवा फोन घ्यायचा तर समितीने होकार द्यायचा. पथक सोडून गेलेल्या माणसाच्या फोनचं काय करायचं, हेही त्याच दिवशी ठरवा.

दूरच्या जंगलातली गोष्ट

आपण पहिले नाही. दक्षिण अमेरिकेत इक्वाडोर देश आहे, तिथे ॲमेझॉनच्या जंगलात वाओरानी लोक राहतात. त्यांच्या जमिनीखाली तेल. सरकारला ती तेल कंपन्यांना लिलावात द्यायची होती. सरकारच्या नकाशात तिथे काय होतं? नद्या आणि तेलाचे चौकोन. वाओरानींनी स्वतःचा नकाशा केला. शिकारीच्या वाटा, मासेमारीच्या जागा, पूर्वजांच्या जागा, औषधाची झाडं. त्यांच्याबरोबर काम करताना मापेओ नावाचं ॲप घडत गेलं. सर्व्हर लागत नाही, फोन फोनला देतो. त्याची पुढची आवृत्ती कोमापेओ नावाने आहे. दोन्ही खुली आहेत, कोणीही वापरावी, बदलावी, चिन्हं आपली घालावी.

२०१९ च्या एप्रिल महिन्यात पुयो गावच्या न्यायालयाने निकाल दिला की सरकारने वाओरानींना विचारण्याचं जे नाटक केलं ते नीट विचारणं नव्हतं. सुमारे दोन लाख हेक्टर जंगल लिलावातून वाचलं. ॲपने ते जिंकलं असं मी म्हणणार नाही. बाया गाणी म्हणत कोर्टात बसल्या, म्हातारे साक्षीला आले. पण, इथे रिकामं जंगल आहे, असं म्हणायची सोय त्या नकाशाने ठेवली नाही.

आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो आधी वर्षानुवर्षं सभेत बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलून. साधन कुठलंही असो, आधी सभा लागते.

गावात गेल्यावर

आता काम. या आठवड्यात प्रत्येक गावाने पुढच्या गोष्टी कराव्यात.

१. ग्रामसभेत मोजणी पथक निवडा. पथकात निदान एक बाई आणि एक वडीलधारी व्यक्ती. फोन चालवणारा आणि वही लिहिणारा वेगळे. फोन एकाच घरात राहू नये.

२. फोनला झाडाचं नाव द्या आणि ते समितीच्या रजिस्टरमध्ये लिहा.

३. मोजणीला जायच्या आधी शेजारच्या शेतकऱ्याला निरोप द्या. कोपऱ्यावर दोघांना उभं करूनच बिंदू घ्या. निम्मे तंटे तिथेच मिटतात.

४. प्रत्येक बाजाराला पथकाचा एक फोन यायलाच पाहिजे. कुठे भेटायचं ते तालुका समिती कळवेल. फोन चार्ज करून आणा.

५. महिन्यातून एकदा सगळी मोजणी मेमरी कार्डावर घ्या, नकाशा कागदावर छापून घ्या, आणि दोन्ही ग्रामसभेच्या पेटीत ठेवा. फोन बिघडतो, ॲप बदलतं, कंपन्या बंद पडतात. पेटीतला सहीचा कागद टिकतो.

६. ज्या रेघांवर बैठक बाकी लिहिलंय त्यांची यादी सभेत मोठ्याने वाचा. शेजारच्या गावाला तारीख कळवा. पावसाच्या आधी बसा, कारण पेरणी सुरू झाली की कोणी बसणार नाही, आणि नाल्याला पाणी आलं की काठ दाखवता येणार नाही.

शेवटची एक विनंती, ॲपबद्दल. वापरताना जिथे अडलात, जिथे चिन्ह कळलं नाही, जिथे तुमच्या जागेला त्यात नावच नाही, ते वहीत लिहून आणा. ज्याला वाचता येत नाही अशा बाईला तासाभरात हे चालवता येत नसेल, तर दुरुस्ती ॲपची करायची. पुढच्या शिबिरात ती यादी घेऊन बसू आणि काय बदलायचं ते तुम्ही सांगाल.

उद्या सकाळी सहाला नाल्यावर भेटू. फोन चार्ज असू दे, आणि वही विसरू नका.

जोहार! जिंदाबाद!